दुसरीच्या मापाची न्हाणी

सकाळचे सात वाजले तरी धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. अशा थंडीत लोखंडी पाइपला हात लावला की बोटं पाइपची होतात, आपली राहत नाहीत. पण प्लंबरचं काम लोक जागे व्हायच्या आधीचं. एकदा घरोघर आंघोळी सुरू झाल्या की नळ बंद करू कोण देतो? वायसरनं बेकरीमागच्या मोरीतला तुंबा काढला, कोपरापर्यंत बरबटलेला हात बेकरीवाल्याच्याच गरम पाण्यानं धुतला आणि पुढच्या कामाला जायच्या वाटेवर स्वतःच्या घराखाली थांबून शीळ घातली.

चौथ्या मजल्याची खिडकी उघडली. दोरीला बांधलेली पिशवी झोके खात खाली आली. तिच्यात त्याचा डबा होता आणि डब्यावर चिठ्ठी: बटाटे, साबण, गुडघ्याचं मलम. त्यानं डबा काढून घेतला, बेकरीतला गरम पाव पिशवीत ठेवला आणि दोरीला दोन झटके दिले. पिशवी वर गेली.

"बोलणार ना आज?" वरून बायकोचा आवाज आला.

"बोलणार म्हणजे? बोलायलाच चाललोय."

"बघू," बायको म्हणाली आणि खिडकी लागली.

कुठलीही गळती बघितली की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वायसर गेलाय." त्यावरून सगळी वस्ती त्याला वायसर म्हणायची. बायकोचे गुडघे तपासून डॉक्टर म्हणाले होते, आतली गादी झिजलीय, तेव्हाही हा म्हणाला, "म्हणजे वायसर गेला. मग बदला की." डॉक्टरांनी हसून मान हलवली होती. बदलता येतो, पण बाईंच्या हृदयाला ते ऑपरेशन झेपायचं नाही. जिने टाळा, एवढंच.

जिने टाळा! घर चौथ्या मजल्यावर, बहात्तर पायऱ्या, आणि लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. सात महिने झाले, बायको खाली उतरली नव्हती. "नवी नवरी होते तेव्हा पळत चढायचे," ती म्हणायची. "आता पिशवी सोडते. उद्या मलाच दोरीला बांधून सोडा."

"मग दोरी बदलावी लागेल," वायसर म्हणायचा. "ही पाच किलोचीच आहे."

ती हसायची. पण दुपारी खिडकीत बसून रस्त्यावरच्या बायकांकडे बघत राहायची, ते त्यानं पाहिलं होतं.

म्हणून त्यानं घर घेतलं. लाकडाच्या वखारवाल्याचं, एक मजली. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, गच्चीवर टाकी. वीस वर्षं त्या घराचा प्रत्येक नळ वायसरच्या हातून गेलेला. वखारवाला मुलाकडे राहायला निघाला, घर विकायला काढलं, तेव्हा चार गिऱ्हाइकं आली. कुणी भिंतींना टिचक्या मारल्या, कुणी रस्त्याची रुंदी मोजली. वायसरनं गच्चीवर जाऊन टाकीचा तळ बघितला, मोरीत तांब्याभर पाणी ओतून उतार बघितला आणि खाली येऊन म्हणाला, "मी घेतो."

"खाली एक, वर एक असे दोन भाडेकरू आहेत," वखारवाला म्हणाला. "महिन्याच्या बोलीवर. कागद-बिगद काही नाही. एक महिना आधी लेखी सांगायचं, की जागा मोकळी."

हे वायसरच्या कानात कॉकसारखं शिरलं. फिरवला की बंद. एखादा कॉक वीस वर्षं न फिरवल्यावर कसा जाम बसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण त्या दिवशी त्याला ते आठवलं नाही. "भाडेकरूंना मीच सांगतो," तो म्हणाला. "माझ्या ओळखीचेच आहेत." आयुष्यभराची पुंजी रिकामी करून त्यानं सह्या केल्या आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "दोन महिन्यांत तू खाली."

आज एक तारीख होती. कचेरीबाहेरच्या टायपिस्टाकडून करून घेतलेलं पत्र हत्यारांच्या पिशवीत होतं. त्यानं खालच्या मजल्याचं दार वाजवलं.

दार शिवणवाल्या बाईंनी उघडलं. उंच, हाडापेरानं रुंद बाई. ओठांत चार टाचण्या, गळ्यात टेप. पुढच्या खोलीत मशीन, आरसा आणि उसवलेले, अर्धे शिवलेले कपडे. मागच्या खोलीत संसार आणि त्यामागे न्हाणी. अकरा वर्षं हे असंच.

"अगंबाई, प्लंबरदादा!" टाचण्या काढून त्या म्हणाल्या. "मी कुठं बोलावलं होतं?"

"नाही, सहज. इकडून चाललो होतो."

"प्लंबर आणि सहज?" बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं, आलाच आहात तर न्हाणीतला नळ बघा. गेले दोन महिने टिपटिपतोय."

वायसरच्या जिभेवर पत्रातलं वाक्य तयार होतं. पण टिपटिपणारा नळ ऐकला की त्याचे पाय आपोआप तिकडे वळायचे. नळ दुरुस्त झाला. बाईंनी कपभर चहा दिला. पत्र पिशवीत ओल्या पान्याखाली दबून राहिलं.

"बोललात?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"विषय काढला."

"आणि?"

"वायसर गेला होता."

पुढच्या एक तारखेला बाईंच्या मोरीची जाळी बदलली गेली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरनं जिन्यातूनच हाक मारली, "काका, आलाच आहात तर माझी फ्लशची टाकीही बघा!" तीही बघून झाली. भाड्याची दोन पाकिटं जिन्याखालच्या पत्रपेटीत पडायची. वायसर ती इकडेतिकडे बघत, चोरानं उचलावीत तशी उचलून घ्यायचा. स्वतःच्याच घरात त्याला मालक व्हायला जमेना.

मग त्यानं ती चूक केली, जी प्लंबरच करू जाणे. प्लंबर आधी काम करतो, तोंड नंतर उघडतो. त्याला वाटलं, न्हाणी आधी तयार करून ठेवावी. न्हाणी झाली की बोलणं आपोआप होईल.

दुपारी बायको पलंगावर बसली असताना तो सुतळी घेऊन आला. "उभी राहा बघू."

"कशाला? फाशी देताय?"

"माप घेतोय. स्टुलावर बस. आता उठ. उठताना हात कुठं जातो?"

"डावा पाय दगा देतो ना, म्हणून उजव्या हातानं काहीतरी धरते." तिनं हवेत मूठ आवळली. वायसरनं तिथं सुतळीला गाठ मारली. एक गाठ बैठकीची, एक नळाची, एक हाताच्या दांडीची. सुतळी खिशात घालून तो निघाला.

बाईंना त्यानं सांगितलं, "मालकाचा हुकूम आहे. न्हाणी नवी करायची."

"मालकाला एकदम कशी काय दया आली?"

"मला काय माहीत? मी सांगकाम्या."

आठ दिवस बाई आंघोळीला वर ड्रायव्हरकडे जात राहिल्या. तो पहाटे ड्युटीवर जायचा, किल्ली उंबऱ्यापाशी ठेवून. वायसरनं न्हाणीचा उंबरठाच काढून टाकला, पाय अडखळू नये म्हणून. खडबडीत फरशी बसवली. संडासाची बैठक चार बोटं उंच केली. नळ खाली आणला, स्टुलावर बसल्या बसल्या हाताशी यावा असा. आणि उजव्या हाताच्या भिंतीत जाड पोलादी दांडी ठोकली. तिला लोंबकळून बघितलं, हलली नाही. वीस वर्षांत इतकं मन लावून त्यानं कुणाचं काम केलं नव्हतं.

आठव्या दिवशी बाई न्हाणीत जाऊन उभ्या राहिल्या. मग नळाला हात लावायला गुडघ्यापर्यंत वाकल्या, दांडी धरायला खांदा पाडला, आणि सरळ झाल्या.

"प्लंबरदादा, मी तीस वर्षं कपडे बेततेय," त्या म्हणाल्या. "कापलेला कपडा बघून माणूस सांगते. ही न्हाणी माझ्या अंगाची नाही."

वायसरनं पान्याला चिकटलेला चुना नखानं काढायला सुरुवात केली.

"ही बाई माझ्या खांद्याला लागेल. चार फूट दहा, फार तर अकरा. बांधा भरलेला. डावा पाय अधू, उजव्या हातात जोर. उंबरा चढवत नाही." बाईंनी गळ्यातला टेप काढून हातावर गुंडाळला. "मी तुमच्या बायकोला कधी पाहिलेलं नाही. पण आता रस्त्यात दिसल्या तर ओळखेन."

"बाई, मी सांगणारच होतो."

"कधी? त्या इथं येऊन आंघोळ करायला बसल्यावर?"

"तुम्हाला कळलं तरी केव्हा, की मालक..."

"पहिल्याच एक तारखेला! अहो, वखारवाल्याला तीन निरोप आणि दोन शिव्या पाठवल्याशिवाय प्लंबर यायचा नाही. तुम्ही न बोलावता आलात. ड्रायव्हरला मी त्याच दिवशी म्हटलं, हाच नवा मालक. तो म्हणाला, मग माझी टाकीही करून घेतो." बाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "द्या तो कागद. पिशवीत आहे ना?"

पत्र दोनदा भिजून वाळलं होतं. कोपऱ्याला तेलाचा डाग. बाईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे. महिन्याची बोली, महिन्याची नोटीस. अकरा वर्षं मी दर एक तारखेला एकेक महिना विकत घेत आले. घर कधी घेतलंच नव्हतं." त्यांनी पत्राची घडी घातली. "एक सांगू? नोटिशीचा राग नाही. माझ्या घरात आठ दिवस दुसरीचं घर बांधत होतात आणि मी तुम्हाला चहा पाजत होते, ह्याचा आहे."

वायसरला वाटलं, त्यापेक्षा मोरीतला तुंबा तोंडात घेतलेला बरा.

"महिन्यात जाईन मी," बाई म्हणाल्या. "पण मला तळमजलाच लागतो. माझ्याकडे येतात त्या काय पोरीसोरी नाहीत, त्यांचेही गुडघे आहेत. आणि रस्त्याच्या तोंडाला लागतो. अशी जागा मी बघायची कधी? पायट्यावरचे पाय थांबले की माझं मशीन थांबतं." त्या मशीनपाशी जाऊन बसल्या आणि खडखड सुरू झाली. बोलणं संपलं, हे त्यालाही कळलं.

त्या संध्याकाळी बहात्तर पायऱ्या त्याला एकशे चव्वेचाळीस वाटल्या. बायकोला त्यानं सगळं सांगितलं, न्हाणीसकट.

बायकोनं हातातलं मलम खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे ती बाई तिथंच आहे? आणि मला सांगत होतात काम चालू आहे?"

"काम चालूच होतं."

"तुमच्या कामाला लागली आग! माझं नाव पुढं करून बाईला घालवायचं, आणि तिला सांगायचंही नाही?" ती उठायला गेली, डावा गुडघा वाकडा झाला, आणि पुन्हा बसली. रागाचंच पाणी डोळ्यांत आलं. "मी काही देवी नाही हो. मलाही खाली जायचंय. लई जायचंय. समोरच्या फुटपाथवर नुसतं उभं राहायचंय. पण तिला जागा मिळाल्याशिवाय मी इथून हलायची नाही. शोधा जागा. लोकांच्या घरात शिरण्यातच जन्म गेला ना तुमचा?"

शेवटचं वाक्य तिनं टोमणा म्हणून मारलं. वायसरला ते कामाचं वाटलं.

रिकामं घर कुणाला बाहेरून ओळखू येत नाही. दारावर पाटी नसते, पडदेही तसेच असतात. प्लंबरला मात्र ओळखू येतं, नाकानं. मोरीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात तांब्याभर पाणी सतत साचून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. घरात माणूस नसलं की नळ वाहत नाही, ते पाणी सुकतं आणि वास दाराच्या फटीतून रस्त्यावर येतो. वायसर कामाला जाता-येता वेगळ्याच गल्ल्यांतून जाऊ लागला, वाकून, दारांच्या फटी हुंगत. "वायसर, मांजर झालास की काय?" बेकरीवाल्यानं विचारलं.

पहिल्या आठवड्यात एक गोदाम निघालं, खिडकीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात एक खोली, पण चार पायऱ्या चढून. सतराव्या दिवशी, तीन गल्ल्या सोडून, एका बंद सलूनपाशी त्याचं नाक थांबलं. शेजारच्या चष्मेवाल्याचाच तो गाळा होता. सलूनवाला सोडून गेल्याला वर्ष झालेलं. मोठा आरसा भिंतीवर तसाच, मागं एक खोली, मोरी आणि रस्त्याच्या तोंडाला काचेचं दार.

"दुर्गंधीनं जीव नकोसा केलाय," चष्मेवाला म्हणाला. "ड्रेनेज फुटलंय. दोघा प्लंबरांनी सांगितलं, फरशी उखडावी लागेल."

वायसरनं बादलीभर पाणी मागून घेतलं आणि मोरीत ओतलं. दोघं चष्मे बघत बसले. पंधरा मिनिटांनी चष्मेवाल्यानं नाक वर करून वास घेतला. पुन्हा घेतला.

"गेला की हो! किती झाले?"

"पाण्याचे काय घ्यायचे? पण हे पुन्हा सुकणार. रोज नळ वाहता ठेवणारं माणूस ठेवा." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, वायसरनं काम करायच्या आधी तोंड उघडलं. सगळं सांगितलं: घर, गुडघे, न्हाणी, बाई.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या, दारापासून भिंतीपर्यंत पावलं टाकली.

"उजेड उजवीकडून येतो. मशीन फिरवून मांडावं लागेल." आरशावरून त्यांनी बोट फिरवलं. "आरसा माझ्यापेक्षा चांगला आहे." मग त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. "महिन्याची बोली असेल तर मला नको. दोन वर्षांचा कागद हवा."

"दोन वर्षं म्हणजे..." चष्मेवाला घुटमळला.

"त्या दोन वर्षांत तुमच्या दुकानाचं आणि ह्या जागेचं नळकाम माझ्याकडे," वायसर मध्येच म्हणाला. "फुकट."

"आणि तुमचे सदरे मी शिवायचे म्हणता का?" बाईंनी वायसरकडे रोखून बघितलं. "मला कुणाचे उपकार नकोत."

"उपकार नाहीत, बाई. आठ दिवसांचा चहा आहे."

बाई मोरीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "हा नळ वर घ्या. ह्या वेळी माझ्या मापाचा." त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि वायसरनं त्यांच्या कोपराशी खडूची रेघ ओढली.

बाई गेल्या त्या दिवशी मशीन ड्रायव्हरनं आणि वायसरनं उचललं. खोली रिकामी झाल्यावर बाई थोडा वेळ दारातच उभ्या होत्या. भिंतीत एक खिळा होता. अकरा वर्षं त्यावर टेप लटकत आलेला, खाली गुळगुळीत चरा पडलेला. बाईंनी खिळ्यावर बोट ठेवलं, काढलं आणि वळून बघितलं नाही. वायसरनं नंतर सगळी भिंत रंगवली. तो खिळा त्यानं काढला नाही, चरा बुजवला नाही.

त्यानं वर जाऊन ड्रायव्हरलाही विचारलं, "तुला कागद करून देऊ का? दोन वर्षांचा?"

"नको हो काका, माझी बदली कधीही होते," ड्रायव्हर म्हणाला. "मला महिन्याचीच बोली बरी. बांधून घालू नका."

मग बायको उतरली. बहात्तर पायऱ्यांना पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर शेजारणीनं खुर्ची ठेवलेली, आणि प्रत्येक खुर्चीवर बायको पाहुणीसारखी बसून चौकशा करत होती. नऊ-दहा महिन्यांच्या बातम्या तुंबल्या होत्या. खाली आल्यावर ती फुटपाथवर उभी राहिली, नुसतीच. वायसर घाई करायला लागला तशी म्हणाली, "थांबा हो. रस्ता केवढा मोठा झालाय!"

नव्या घरात पहिल्या सकाळी ती न्हाणीत गेली. वायसर दाराबाहेर कान लावून उभा. आत पाणी पडलं, स्टूल सरकलं, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"काय झालं? उठवत नाही का?"

"उठले कधीची. दांडी धरून उभी आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "अगदी हातात येतेय हो."

दहाच्या सुमाराला शिवणवाल्या बाई दारात आल्या. गिऱ्हाइकं अजून जुन्याच पत्त्यावर येतात, त्यांना नवा पत्ता सांगा, हे सांगायला. बायको पुढं झाली. बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि गळ्यातला टेप काढला.

"उभ्या राहा बघू सरळ." टेप लावला, वाचला. "चार फूट साडेदहा. म्हटलं होतं की नाही?"

"बसा, चहा टाकते," बायको म्हणाली.

बाई क्षणभर घुटमळल्या. त्यांची नजर भिंतीवरच्या खिळ्यावर गेली. "आज नको," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक बसलंय." दोन पावलं जाऊन मागं वळल्या. "ब्लाउज शिवायचे असले तर या. माझ्याकडे उंबरा नाही."

बायको दाराशी उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. तेवढ्यात वरून धबधब पाय वाजले आणि जिन्यातून आवाज आला, "ओ मालक! नळ गळतोय!"

मालक म्हटल्यावर वायसरनं आधी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का. मग पिशवीतून पाना काढला, खिशात दोन वायसर टाकले आणि जिना चढायला लागला.